शेंडा, साल, दोर आणि रुई : झाडाच्या ऊती शेतात ओळखताना

तूर पेरून दीडेक महिना झाला की शेंडे खुडायला माणसं लागतात. बाया ओळीनं चालत टोकाची कोवळी काडी खुडत जातात, आणि काही दिवसांतच तेच झाड बाजूनं फांद्या फोडून डेरेदार होतं. फांद्या वाढल्या की फुलं वाढतात, शेंगा वाढतात. एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. पण शेंडाच का खुडायचा? मधली चार पानं तोडून तसं का होत नाही? याचं उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, ऊतींच्या धड्यात आहे, आणि तो धडा आपल्याकडे पोरं परीक्षेपुरता पाठ करतात. विभाजी, स्थायी, मूल, स्थूलकोन, दृढ, जलवाहिनी, रसवाहिनी. नावं तोंडपाठ असतात, पण घरच्या वावरात उभं राहून यातली एक ऊती दाखव म्हटलं तर पोरगं गप्प होतं. मला याचं वाईट वाटतं, कारण या धड्याचं साहित्य विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोरांइतकं फार थोड्यांच्या हाताशी असतं. पऱ्हाटी (कपाशी), तूर, संत्रा, अंबाडी, धान, बांबू एवढ्यावर अख्खा धडा शिकून होतो.

ऊती म्हणजे ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशींचा समूह. माणसाच्या अंगातही ऊती असतात, पण झाडाची गोष्ट दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली म्हणजे माणसाचं शरीर सगळीकडून वाढतं, तर झाड फक्त काही ठरलेल्या जागीच वाढतं. धुऱ्यावरच्या बाभळीला छातीच्या उंचीवर खिळा ठोकला, तर दहा वर्षांनी झाड दुप्पट उंच झालं तरी खिळा छातीच्याच उंचीवर राहतो. दुसरी म्हणजे झाडाच्या बऱ्याच ऊती मेलेल्या असतात, आणि मेल्यावरच त्यांचं खरं काम सुरू होतं. लाकूड मेलेलं, दोराचा धागा मेलेला, खोडाची बाहेरची खरबरीत साल मेलेली. आणि या मेलेल्या भागांच्याच आधारानं झाड उभं असतं.

वाढ कुठे होते

ज्या पेशी सतत विभागून नव्या पेशी तयार करतात, त्यांच्या समूहाला विभाजी ऊती म्हणतात. खोडाच्या आणि मुळाच्या अगदी टोकाला ही ऊती असते. तुरीच्या शेंड्यातले कोवळे पानांचे पापुद्रे एकेक करून सोलत गेलं, तर शेवटी डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक ठिपका उरतो. झाडाची उंची त्या ठिपक्यातून येते. हा शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करून खाली पाठवतो आणि पानांच्या बगलेत असलेल्या कळ्यांना दबवून ठेवतो. शेंडा खुडला की दाब उठतो आणि बगलेतल्या कळ्या फुटतात. पानं तोडली तर दाब कायमच राहतो, म्हणून नुसती पानं तोडून फांद्या येत नाहीत. हरभऱ्याचंही तसंच आहे. भाजीसाठी शेंडे खुडले की घरी भाजी होते आणि वावरात झाड पसरतं.

मुळाच्या टोकाला हीच ऊती असते, पण तिला कठीण मातीत घुसायचं असतं, म्हणून तिच्यावर पेशींची एक टोपी असते. मातीत घासून ती झिजत जाते आणि आतून नवी तयार होत राहते.

गवताची आणि ज्वारीची रचना आणखी वेगळी. त्यांच्या प्रत्येक कांड्याच्या तळाशी, पेऱ्याजवळ, विभाजी ऊतीचा एक पट्टा असतो. पानाच्या तळाशीही असतो. म्हणून जनावरांनी वरून गवत खाल्लं तरी ते खालून पुन्हा वर येतं, पण बकरीनं तुरीच्या रोपाचा शेंडा खाल्ला की त्या काडीची उंची तिथंच थांबते, पुढची वाढ बगलेतून होते. वाऱ्यानं लोळलेली कोवळी ज्वारी काही दिवसांत पेऱ्याजवळ वाकून पुन्हा डोकं वर काढते, तेही याच पट्ट्यामुळे. आडव्या पडलेल्या पेऱ्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि धांडा वर वळतो. गडचिरोलीकडे पावसाळ्यात बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, जमिनीतून निघतात ते पहिल्या दिवसापासून पूर्ण जाडीचे असतात. त्यांची सगळी कांडी एकाच हंगामात ताणली जातात आणि बांबू आपली पूर्ण उंची काही महिन्यांत गाठतो. त्यानंतर तो कितीही वर्षं जगला तरी इंचभरही जाड होत नाही. असं का, ते पुढे येईल.

शेंड्याच्या या ठिपक्याचा आणखी एक उपयोग आता गावागावांत पोचला आहे. अकोट-अंजनगावकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावतात. ती याच ठिपक्यापासून होतात. कंदाचा वाढीचा कोंब कापून काचेच्या बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवतात आणि त्याचे अनेक कोंब करतात. टोकाच्या अगदी कोवळ्या पेशींत रस वाहून नेणाऱ्या नळ्या अजून तयारच झालेल्या नसतात. विषाणू मुख्यतः त्या नळ्यांतून पसरतो, त्यामुळे टोकात तो नसतो किंवा फारच कमी असतो. तरी मातृझाड तपासून घेतलेलंच लागतं. बाटलीत वाढलं म्हणून रोप आपोआप निरोगी होत नाही.

साल सुटते तेव्हा

झाडाची जाडी वाढवणारी विभाजी ऊती खोडाच्या बाजूंना असते. तिला कॅम्बियम म्हणतात. साल आणि लाकूड यांच्या मधोमध तिचं एक पातळ नळकांडं असतं. ते आतल्या बाजूला लाकूड तयार करतं आणि बाहेरच्या बाजूला सालीचा जिवंत थर. ही ऊती नागपुरी संत्र्याची कलमं बांधणाऱ्या माणसाच्या बोटांना ओळखीची असते, मग त्यानं हा शब्द ऐकलेला असो वा नसो.

वरूड तालुक्यात शेंदुरजना घाटकडे कलमांच्या रोपवाटिका आहेत. तिथं जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेली कळी, चढवतात. हे खालचं रोप, म्हणजे खुंटरोप, पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर चाकूनं इंग्रजी टी अक्षरासारखा काप घेतात. काप फक्त सालीपुरता असतो. शिकणाऱ्या पोराला जुना माणूस सांगतो, "लाकडाले पातं लागू देऊ नोको बापू." मग चाकूच्या मागच्या टोकानं सालीचे दोन्ही काठ अलगद उचलतात. झाड रसात असेल तर साल सहज सुटते आणि खाली ओलसर, गुळगुळीत लाकूड दिसतं. साल सुटते ती कॅम्बियमच्याच जागेवर, कारण वाढीच्या दिवसांत तिथल्या पेशींच्या भिंती फार पातळ आणि नाजूक असतात. झाड ताणावर असेल तर साल चिकटून बसते आणि त्या दिवशी कलम बांधत नाहीत. सालीच्या खिशात संत्र्याचा डोळा सरकवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधतात, डोळ्याचं टोक तेवढं मोकळं ठेवतात. डोळ्याच्या पापुद्र्यातल्या पेशी आणि खुंटाच्या कॅम्बियमच्या पेशी एकमेकींना चिकटून विभागू लागल्या की दोघांच्या नळ्या जुळतात. पुढे खाली मूळ जंबेरीचं आणि वर झाड संत्र्याचं, असं ते आयुष्यभर चालतं.

डोळा एवढा वर का बांधायचा, याचं कारणही याच थरात आहे. डिंक्या रोगाची फायटोफ्थोरा बुरशी ओल्या मातीतून खोडाला लागते आणि सालीतला जिवंत थर आणि कॅम्बियम कुजवते. संत्र्याची साल या बुरशीला सहज बळी पडते, खुंटाची त्यामानानं टिकते. म्हणून कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ नये, खोडाला पाणी लागू नये यासाठी दुहेरी आळं करावं, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावं असं सांगतात. मलमाचं प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. हे सगळं बोटभरही जाडी नसलेल्या त्या थराला जपण्यासाठी आहे. साल चारी बाजूंनी गोल कुजली, किंवा सायाळीनं गोल कुरतडली, तर झाड लगेच मरत नाही. पाणी लाकडातून वर जात राहतं, पानं काही काळ हिरवी राहतात. मग हळूहळू मूळ उपाशी मरतं आणि त्याच्या मागोमाग झाड जातं. कारण पानांनी तयार केलेली साखर खाली आणणारा रस्ता सालीत होता आणि तोच तुटला.

पाणी वर, साखर हवी तिथं

इथं झाडाच्या दोन वाहतूक ऊती येतात. पाणी नेणारी जलवाहिनी लाकडाच्या बाजूला असते, अन्नरस नेणारी रसवाहिनी सालीच्या बाजूला. जर्मन भाषिक वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी 1858 साली त्यांना झायलेम आणि फ्लोएम ही नावं दिली, ती आजही सगळ्या जगात चालतात.

जलवाहिनीत लांबट पेशी एकावर एक रचलेल्या असतात. वाढ पूर्ण झाली की त्या आतून मरतात, मोठ्या वाहिन्यांमध्ये मधल्या आडव्या भिंतीही विरघळतात, आणि लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्यानं कडक झालेल्या रिकाम्या नळ्या उरतात. पाणी या नळ्यांतून वर कसं चढतं, याचा उलगडा बराच काळ होत नव्हता. मुळातून ढकलल्यानं ते उंच सागवानाच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही. 1894 साली हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी आयर्लंडमध्ये मांडलं की पाणी वरून ओढलं जातं. पानातून वाफ होऊन पाणी बाहेर पडतं, त्याच्या जागी मागचं पाणी ओढलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पानापासून मुळापर्यंत अखंड धार ताणली जाते. मोटेच्या नाड्यासारखी, ओढ वरून आणि ओझं खाली. नाडा तुटला की मोट खाली, तशी नळीत हवेचा बुडबुडा शिरला की त्या नळीतली धार तुटते. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा ही ओढ सगळ्यात जास्त असते, आणि जमिनीत पाणी नसेल तर धार तुटायचा धोकाही सगळ्यात जास्त तेव्हाच. साग, पळस उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झाडून टाकतात त्यामागे हा हिशेब आहे. पानच नाही तर ओढही नाही.

जलवाहिनी बंद पडली की काय होतं, ते मर लागलेल्या तुरीत बघावं. फुलोऱ्यावर आलेलं, पाण्याला कमी नसलेलं झाड एकाएकी सुकू लागतं. बरेचदा अर्धंच झाड सुकतं, बाकीचं हिरवं राहतं. खोडावर बुडापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो. असं झाड उपटून खोड विळ्यानं उभं चिरलं तर सालीखाली, लाकडात, काळपट-तपकिरी रेषा दिसतात. त्याच त्या जलवाहिन्या. फ्युजारियम बुरशी मुळातून त्यांत शिरली, आत वाढली, आणि बुरशीच्या धाग्यांनी व झाडानंच बचावासाठी सोडलेल्या डिंकानं नळ्या बुजल्या. वावरात ओल असून झाड तहानेनं मेलं. अशा वेळी पाणी देऊन उपयोग नसतो, आणि पानांवर बुरशीनाशक मारूनही फारसा नसतो, कारण दुखणं लाकडाच्या आत आहे आणि आलं मातीतून आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. म्हणून त्याच वावरात वर्षामागून वर्ष तूर न घेणं, ज्वारीचा फेरपालट किंवा आंतरपीक ठेवणं आणि बीएसएमआर 736 सारखा मर सहन करणारा वाण लावणं, हेच खरे उपाय.

रसवाहिनीचं तंत्र उलटं आहे. तिच्या नळ्या जिवंत असतात. एकावर एक पेशी, आणि मधल्या भिंतींना चाळणीची भोकं. या चाळणी नलिकांच्या पेशींत केंद्रकच उरत नाही, त्यांचा सगळा कारभार शेजारच्या सहपेशी सांभाळतात. जलवाहिनीत पाणी खालून वर एवढंच जातं, पण रस जिथं साखर तयार होते तिथून जिथं लागते तिथं जातो. कधी खाली मुळाकडे, कधी वर बोंडाकडे. जर्मनीचे अर्न्स्ट म्युंख यांनी 1930 साली सांगितलं की हे दाबावर चालतं. पानाजवळ नळीत साखर भरली की तिथं पाणी ओढलं जाऊन दाब वाढतो, आणि जिथं साखर खर्च होते तिथं दाब कमी असतो. रस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो.

मावा नेमका याच नळीत सोंड घालतो. रस दाबाखाली असल्यानं त्याला ओढायचे फार कष्टही पडत नाहीत. पण या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी थोडं. वाढीला पुरेसं नत्र मिळवायचं तर रस खूप प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर मागून टाकावी लागते. कपाशीच्या पानांवरचा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढते. संत्र्यावर काळ्या माशीमुळे येणारी कोळशी याच प्रकारची, आणि म्हणून कोळशीवर नुसतं बुरशीनाशक मारणं हा अर्धाच उपाय. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेतात, तो लाखेचा किडाही याच रसावर जगतो.

फवारणीचं गणितही या दोन नळ्यांवर आहे. बियाण्याला लावलेलं आंतरप्रवाही कीटकनाशक जलवाहिनीतून पाण्याबरोबर वर चढतं, म्हणून कोवळ्या रोपाची पानं सुरुवातीचे काही आठवडे रस शोषणाऱ्या किडींपासून राखली जातात. ग्लायफोसेट मात्र पानातून रसवाहिनीत शिरून साखरेबरोबर खाली जातं, म्हणून हरळीच्या मुळ्या मरतात. हरळी सुकलेली असताना, पानं साखर तयार करत नसताना, ते मारलं तर खाली पोचतच नाही आणि पैसा वाया जातो.

अंबाडीचा दोर

झाडाचा बाकीचा ऐवज भरणीच्या तीन ऊतींचा असतो. मूल ऊती सगळ्यात साधी. पातळ भिंतीच्या, जिवंत, मधे मोकळ्या जागा असलेल्या पेशी. गाजर, रताळं, गोड धांड्याचा गर, कोरफडीचा गर हे सगळं तिचंच. पानात तिच्यात हरितद्रव्य असतं आणि अन्न तिथंच तयार होतं. पाण्यातल्या झाडांत तिच्यातल्या मोकळ्या जागा वाढून हवेच्या पोकळ्या होतात. कमळाचा देठ मोडला की त्या दिसतात. भंडारा-गोंदियाचं धान चिखलात महिनोन्महिने उभं राहतं, कारण त्याच्या मुळांत अशा पोकळ्या तयार होतात आणि हवा पानांकडून मुळापर्यंत पोचते. कपाशीच्या मुळात ही सोय नाही. म्हणून तेच पाणी काळ्या रानात दोन-तीन दिवस तुंबलं की पऱ्हाटी माना टाकते.

स्थूलकोन ऊती कोवळ्या, वाढत्या भागाला आधार देते आणि त्याच्याबरोबर ताणलीही जाते. तिच्या पेशींच्या भिंती कोपऱ्यांत जाड असतात. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत फिरवली तर चार कडा लागतात. त्या कडांत हीच ऊती असते.

तिसरी दृढ ऊती. तिच्याबद्दल मला सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण ती ओळखणारी एक अख्खी पिढी आता गावांतून कमी होत चालली आहे. पूर्वी वावराच्या कडेनं अंबाडीच्या ओळी हमखास असत. पानांची भाजी व्हायची, बोंडांचं शरबत, आणि झाड पक्व झालं की ताटं कापून, पेंढ्या बांधून, नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायचे. दहा-पंधरा दिवस, थंडी असेल तर जास्त. पाण्याला वास सुटायचा. मग पेंढी वर काढून बुडाकडून साल ओढली की तिचे हातभर नाही, चांगले पुरुषभर लांब पट्टे निघायचे. ते पाण्यात आपटून धुतले की मऊ भाग वाहून जायचा आणि पांढुरके धागे हाती उरायचे. मागं राहिलेल्या सनकाड्या जाळायला.

त्या डोहात काय घडायचं ते ऊतींच्या भाषेत असं. अंबाडीच्या सालीत, रसवाहिनीच्या बाजूला, दृढ ऊतीच्या तंतूंचे जुडगे असतात. तंतूची प्रत्येक पेशी लांबट, दोन्हीकडे टोकदार, आणि तिची भिंत इतकी जाड की आत जेमतेम पोकळी उरते. या भिंतीत सेल्युलोज आणि थोडं लिग्निन असतं. जुडग्यांच्या आजूबाजूच्या मऊ पेशी आणि त्यांना चिकटवणारं पेक्टिन पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, तंतू मात्र त्यांना लवकर पचत नाहीत. म्हणजे डोहातलं कुजवणं ही मऊ ऊती काढून दृढ ऊती वेगळी करायची रीत होती. वेळ साधणं महत्त्वाचं. लवकर काढलं तर साल सुटत नाही, फार दिवस ठेवलं तर तंतूही सडतात आणि दोर कमजोर होतो. बैलाचा कासरा, गाईचं दावं, बाजेची दोरी, पोळ्याला नवे दोर, सगळं या मेलेल्या पेशींच्या जोरावर चालायचं. आता नायलॉन आलं. तरीही वाळलेल्या पऱ्हाटीची साल ओढून काड्यांचा भारा बांधणारं माणूस आजही हेच तंतू वापरतं. कापूस आणि अंबाडी एकाच कुळातली झाडं आहेत.

दृढ ऊतीच्या पेशी आखूड आणि दगडासारख्या कडकही असतात. पेरू खाताना दाताखाली येणारी कचकच, सीताफळात सालीलगतची कणी, बोराची आठोळी, ही सगळी अशा पेशींची.

रुई आणि संत्र्याची फोड

झाडाच्या सगळ्यात बाहेरच्या थराला अपित्वचा म्हणतात. बहुतेक वेळा एकाच पेशीची जाडी, आणि वरून मेणचट लेप. धोप्याच्या (अळूच्या) पानावर पाणी टाकलं की थेंब गोल होऊन घरंगळतो, तो या मेणामुळे. फवारणीत स्टिकर घालतात तोही यासाठीच, नाही तर औषध पानावरून ओघळून मातीत जातं. पानाच्या, विशेषतः खालच्या बाजूच्या, अपित्वचेत पर्णरंध्रं असतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. त्या पाण्यानं फुगल्या की रंध्र उघडतं, ढिल्या पडल्या की मिटतं. झाड हवा घेतं त्याच वाटेनं पाणीही गमावतं. भर दुपारी रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही मंदावतं. मुळांवरच्या अपित्वचेतून बारीक मूलरोम निघतात आणि पाणी मुख्यतः तेच शोषतात. रोवणीच्या वेळी मिरचीचं रोप उपटताना ते तुटतात, म्हणून लावल्यावर रोप दिवस-दोन दिवस मान टाकतं.

आणि आता या भागाच्या दोन्ही मोठ्या पिकांबद्दल. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरच्या अपित्वचेची एकच पेशी असते. एक धागा, एक पेशी. फूल उमलतं त्या दिवशी, ते पांढुरकं-पिवळसर असतानाच, आत बोंडात पुढे सरकी होणाऱ्या कोवळ्या बीजांडांवरच्या काही पेशी फुगून वर येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होतं. पुढचे साधारण तीन आठवडे या पेशी नुसत्या लांब होत जातात. शेवटी लांबी 25 ते 30 मिलिमीटर, आणि जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. मग लांबी थांबते आणि आतून सेल्युलोजचे थर बसायला लागतात. या दोन टप्प्यांमुळे पाण्याचा ताण कधी पडला याला महत्त्व येतं. लांबी वाढताना ताण पडला तर धागा आखूड राहतो, थर बसताना पडला तर लांबी ठीक असली तरी धागा कच्चा राहतो. बोंड फुटलं की पेशी वाळून मरते, नळी चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. त्या पिळामुळेच धागे एकमेकांत अडकतात आणि सूत कातता येतं. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये नेला की साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे अगणित मेलेल्या पेशी. बाकी सरकी. तिच्यावर उरलेली आखूड लवसुद्धा त्याच थरातून आलेली.

कपाशीच्या पानांवर जी लव असते, तीही अपित्वचेचेच केस. दाट लव असलेल्या वाणावर तुडतुड्यांना बसायला आणि अंडी घालायला अडचण होते, म्हणून आपल्याकडचे बरेच वाण मुद्दाम लवदार निवडलेले आहेत.

संत्र्याची फोड सोलून आत बघा. रसानं भरलेले जे लांबट कण असतात, त्यांतला प्रत्येक कण बारीक देठानं फोडीच्या आवरणाला चिकटलेला असतो. फळ अगदी लहान असताना फोडीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी विभागून आत केसासारख्या वाढतात आणि पुढे रसानं भरतात. कापसाचा केस एका पेशीचा, संत्र्याचा अनेक पेशींचा, एवढा फरक. सालीच्या आतला पांढरा, पोकळ, हलका भाग म्हणजे हवेच्या जागा असलेली मूल ऊती, आणि साल दाबल्यावर डोळ्यात उडतं ते तेल सालीतल्या गोल तेलग्रंथींतलं.

झाड जाड होत जातं तशी कोवळेपणीची अपित्वचा फाटते आणि तिच्या जागी त्वक्षेचा, म्हणजे बुचासारख्या मेलेल्या पेशींचा थर येतो. रॉबर्ट हूक यांनी 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पहिल्या पेशी याच थरातल्या. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन असतं, त्यातून पाणी जात नाही आणि आचही लवकर आत पोचत नाही. वणव्यात पळसाचं खोड बाहेरून काळं पडूनही जगतं त्यात या थराचा वाटा आहे.

लाल शाईचा प्रयोग

हे सगळं बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा-वीस रुपयांचं भिंग, दाढीचं नवं पातं आणि लाल शाई पुरे. तेरड्याची एक काडी आणि ज्वारीच्या कोवळ्या धांड्याचा एक तुकडा शाईच्या पाण्यात पानांसकट उभा करून उन्हात काही तास ठेवा. मग दोन्ही आडवे कापून पातळ चकत्या भिंगाखाली धरा. जिथं लाल दिसेल तिथं जलवाहिन्या आहेत. तेरड्यात लाल ठिपके गोलाकार कड्यात दिसतील. ज्वारीत ते सगळ्या धांड्यात विखुरलेले, कडेला जास्त दाट, असे दिसतील.

तेरडा, तूर, कपाशी, संत्रा यांच्यात या वाहिन्यांचे जुडगे कड्यात असतात, आणि जाड होणाऱ्या खोडात जलवाहिनी आणि रसवाहिनी यांच्या मधून कॅम्बियमचं अखंड नळकांडं जातं. म्हणून साल सुटते, डोळा बसतो, खोड दरवर्षी जाड होतं, आणि सागवानाच्या ओंडक्यावर वर्षाची कडी मोजता येतात. ज्वारी, बांबू, केळी यांच्यात प्रत्येक जुडगा एकटा, दृढ ऊतीनं वेढलेला, आणि त्यात कॅम्बियम नसतं. सालीचा वेगळा थर नाही, सुटायला काही नाही, जाड करणारी ऊतीच नाही. म्हणून बांबू कोंबाच्याच जाडीचा राहतो, आणि संत्र्यावर चालणारी डोळा बांधायची रीत केळीवर चालत नाही. केळीला नवं रोप हवं तर मुनवा, म्हणजे बुडातून फुटलेला कोंब, घ्यायचा, नाही तर टिश्यू कल्चरचं रोप आणायचं.